घाटात वास कसला येतोय? क्लच आणि इंजिनचं दुखणं ओळखताना

सलग सुट्ट्या आल्या की पेपरात एक बातमी ठरलेली असते. खंबाटकी घाटात वाहनांच्या रांगा, मध्येच गाड्या बंद पडल्या, क्रेन यायला उशीर. सप्टेंबरात कासला फुलं आली की हेच यवतेश्वरच्या चढावर होतं आणि मे महिन्यात वाईहून पाचगणीला चढणाऱ्या पसरणी घाटात. फोटोत बोनेट उघडून ठेवलेली एखादी गाडी, शेजारी फोन कानाला लावलेला मालक. बंद पडण्याचं कारण बातमीत दोन शब्दांत उरकलेलं असतं: तांत्रिक बिघाड.

घाटातला हा तांत्रिक बिघाड बहुतेक वेळा दोनांपैकी एक असतो. एकतर क्लच जळालेला असतो, नाहीतर इंजिन तापलेलं असतं. वास दोन्हीत येतो, धूरही दिसू शकतो, त्यामुळे गल्लत होते. क्लच जळत असताना रेडिएटरवर बाटल्याच्या बाटल्या पाणी ओतणारे लोक मी पाहिलेत. त्या पाण्याने क्लचला काही होत नाही. आणि इंजिन तापलेलं असताना ‘जरा पुढच्या धाब्यापर्यंत काढू’ म्हणणारेही पाहिलेत. तो धाबा फार महागात पडतो.

गाडीचं दुखणं मेस्त्रीला सांगताना आपण ‘आवाज येतोय’, ‘ओढत नाही’, ‘वास मारतोय’ एवढंच सांगतो. चांगला मेस्त्री लगेच उलटा प्रश्न टाकतो, ‘केव्हा? चढाला का सपाटीला? पेडल दाबल्यावर का सोडल्यावर?’ अर्धं निदान या ‘केव्हा’त असतं. पुढचं सगळं त्याच्याच भोवती आहे.

क्लच करतो काय

इंजिन चालू आहे तोवर ते फिरत राहणारच. फिरायचं थांबलं की बंद पडलं. चाकांना मात्र सिग्नलला, रांगेत, घाटात थांबावं लागतं. फिरतं इंजिन आणि थांबलेली चाकं यांची गाठ सोडायची आणि पुन्हा हळूच बांधायची, हे क्लचचं काम.

इंजिनच्या टोकाला एक जड लोखंडी चकती असते, ती फ्लायव्हील. तिला चिकटून क्लच प्लेट, जिच्या दोन्ही बाजूंना ब्रेकच्या लायनरसारखं खरबरीत अस्तर असतं. आणि मागून स्प्रिंगच्या जोराने तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट. पेडल दाबलं की दाब सुटतो, क्लच प्लेट मोकळी होते. पेडल सोडलं की प्लेट दाबली जाते आणि इंजिनसोबत फिरू लागते.

पूर्ण दाबलेल्या अवस्थेत क्लच जवळपास झिजत नाही. पूर्ण सोडलेल्या अवस्थेतही नाही, मग तुम्ही सातारा ते कोल्हापूर एका दमात जा. झिजतो तो मधल्या क्षणात, एक बाजू जोरात फिरतेय, दुसरी हळू, आणि अस्तर त्यांच्यात घासतंय. आपण त्याला ‘हाफ क्लच’ म्हणतो. क्लचचं आयुष्य म्हणूनच किलोमीटरमध्ये नीट सांगता येत नाही. हायवेवर धावणाऱ्या गाडीचा लाखभर किलोमीटरही टिकतो, आणि रोज चढावर हाफ क्लचवर उभ्या राहणाऱ्याचा त्याच्या निम्म्यात संपतो.

ताशी सहा किलोमीटरच्या खाली

थोडं गणित करू. पायाने अ‍ॅक्सिलरेटर न दाबता इंजिन मिनिटाला साधारण ८०० फेरे घेतं. मिनिटाला किती फेरे, यालाच आरपीएम म्हणतात. पहिल्या गिअरमध्ये, सगळ्या दात्यांचा हिशेब धरला तर, इंजिनचे चौदा-पंधरा फेरे झाले की चाकाचा एक होतो. म्हणजे चाक मिनिटाला ५५ वेळा फिरतं. छोट्या गाडीचं चाक एका फेऱ्यात १.८ मीटर पुढे जातं. गुणाकार केला की मिनिटाला १०० मीटर, म्हणजे ताशी ६ किलोमीटर.

याचा अर्थ असा की रांग ताशी सहापेक्षा हळू सरकत असेल तर पहिल्या गिअरमध्ये क्लच पूर्ण सोडून चालवणं शक्यच नाही. गाडी एकतर पुढच्याला धडकेल, नाहीतर बंद पडेल. क्लच घसरवावाच लागतो. खंबाटकीतली सुट्टीच्या दिवशीची रांग ताशी दोन-तीनने सरकते, त्यामुळे तिथे चूक चालकाचीच असते असंही नाही.

चढावर यात अजून एक भर पडते. ब्रेक न लावता नुसत्या क्लचवर गाडी तोलून धरायची बऱ्याच जणांना सवय असते, आणि ती कौशल्याची खूण समजली जाते. पाच माणसं आणि सामान धरून चौदाशे किलोची गाडी, शंभर मीटरला सहा मीटर चढणारा रस्ता, इंजिन १५०० आरपीएमवर. गाडी जागची हललेली नाही, म्हणजे इंजिनने दिलेली सगळी ताकद क्लचमध्ये उष्णता होऊन जातेय. हिशेब केला तर ती अडीच किलोवॅटच्या आसपास भरते. बादलीत पाणी तापवायला आपण जो रॉड टाकतो, तसे दोन रॉड एका ताटाएवढ्या बंद जागेत पेटलेत असं समजा. तिथे ना पाणी, ना वारा. मिनिटभर चालेल, दहा मिनिटं नाही.

तो करपट वास म्हणजे क्लच गेला का?

लगेच गेला असं नाही. वास म्हणजे अस्तर जास्त तापलंय. बाजूला घ्या, न्यूट्रल करा, हँडब्रेक ओढा आणि पाय पेडलवरून काढा. वीस-पंचवीस मिनिटं थांबलात तर बऱ्याचदा पकड परत येते. त्यावर पाणी ओतायची सोय नाही आणि गरजही नाही. कधीकधी अस्तराचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत होतो आणि पकड कायमची कमी होते, पण ते तपासूनच ठरवायचं. घाटातून उतरल्या उतरल्या ‘प्लेट बदला’ म्हणणाऱ्याचं लगेच ऐकायचं कारण नाही.

तपासणी कुणालाही जमण्यासारखी आहे. सपाट, मोकळी जागा बघा, समोर माणूस किंवा भिंत नको. हँडब्रेक घट्ट ओढा, उजवा पाय ब्रेकवर ठेवा, तिसरा गिअर टाका आणि क्लच हळूहळू सोडा. क्लच धडधाकट असेल तर इंजिन झटका देऊन बंद पडेल. पेडल पूर्ण सोडूनही इंजिन आरामात चालत राहिलं, तर प्लेट घसरतेय. एकदाच करा, हौसेने पुन्हा पुन्हा केलं तर ही चाचणीच क्लच संपवते.

रस्त्यावरची खूणही सोपी आहे. चौथ्या गिअरमध्ये ताशी पन्नासवर असताना अ‍ॅक्सिलरेटर दाबा. आरपीएमचा काटा उसळला आणि वेग जागच्या जागी राहिला, तर क्लच घसरतोय. काटा आणि वेग सोबत चढत असतील, पण दोन्ही रेंगाळत असतील, तर क्लच सोडा, दुखणं इंजिनात शोधा. ‘गाडी ओढत नाही’ या एका तक्रारीखाली ही दोन वेगळी दुखणी दडलेली असतात, आणि पहिल्याचा खर्च दुसऱ्यासाठी केला जातो.

पेडल सांगतं ते ऐका

घसरणं हे क्लचचं एक दुखणं. दुसरं अगदी उलटं असतं, तो सुटतच नाही. पेडल तळाला गेलं तरी पहिला गिअर पडत नाही, रिव्हर्सला ‘घर्र’ होतं. गाडी बंद करून तोच गिअर टाकून बघा. बंद असताना लोण्यासारखा पडला आणि चालू असताना अडला, तर गिअरबॉक्स बहुधा ठीक आहे. क्लच पूर्ण मोकळा होत नाहीये. केबलवाल्या गाडीत केबल ताणलेली असते. तेलाच्या दाबावर चालणाऱ्या क्लचमध्ये सिलिंडर गळतो किंवा नळीत हवा शिरते. दोन-तीनदा पेडल भराभर मारल्यावर गिअर पडायला लागला, तर दोष तेलाच्या बाजूला. बऱ्याच गाड्यांत क्लच आणि ब्रेक यांचं तेल एकाच डबीतून जातं, त्यामुळे ही गळती ‘पुढच्या सर्व्हिसिंगला बघू’ म्हणून ठेवायची नसते.

आवाजाचं तर फार छान आहे. न्यूट्रलमध्ये, इंजिन चालू. पेडल दाबल्यावर गुरगुर सुरू झाली तर रिलीज बेअरिंग, म्हणजे पेडलच्या जोराने प्रेशर प्लेटला ढकलणारं बेअरिंग. पेडल सोडलेलं असताना गुरगुर आहे आणि दाबल्यावर थांबते, तर गिअरबॉक्सच्या तोंडाचं बेअरिंग. पाच सेकंदांचं काम आहे, पण गॅरेजात जाऊन एवढं एक वाक्य नीट सांगितलंत तर मेस्त्रीही तुमच्याकडे वेगळ्या नजरेने बघतो.

सुटताना गाडी थडथडत असेल तर तीन शक्यता: इंजिनला धरून ठेवणारी माउंटिंग सैल झालीत, फ्लायव्हीलवर तापून डाग पडलेत, किंवा प्लेटवर तेल उतरलंय. तेल उतरलं असेल तर ते इंजिनच्या मागच्या ऑइल सीलमधून किंवा गिअरबॉक्सच्या सीलमधून येतं. सील न बदलता नवी प्लेट टाकली तर तीही भिजते.

‘माझी ऑटोमॅटिक आहे, मला काय त्याचं’

कुठली ऑटोमॅटिक, यावर आहे. स्वस्तातल्या बऱ्याच ऑटोमॅटिक एएमटी असतात. त्यात तोच गिअरबॉक्स, तीच क्लच प्लेट. फक्त पेडल तुमच्या पायाऐवजी एक यंत्र दाबतं. चढावर ब्रेक न दाबता अ‍ॅक्सिलरेटरने गाडी तोलून धरलीत तर ते यंत्रही हाफ क्लचच करतं. तुम्हाला कळत नाही एवढंच. दोन कोरडे क्लच असलेल्या गाड्याही रांगेत लवकर तापतात आणि तशी सूचना पडद्यावर देतात. ज्यात तेलातून ताकद जाते त्या टॉर्क कन्व्हर्टरवाल्या गाड्या घाटातल्या रांगेत सगळ्यात निवांत.

उपाय मॅन्युअलला आणि एएमटीला एकच आहे. थांबलात की ब्रेक लावा, मॅन्युअल असेल तर न्यूट्रल करा. पुढची गाडी हातभर सरकली म्हणून सरकू नका. दोन-तीन गाड्यांची जागा होऊ द्या, मग पहिल्या गिअरमध्ये निघून क्लच पूर्ण सोडा आणि ती जागा एका दमात भरा.

यावर प्रत्येक जण एकच हरकत घेतो: एवढी जागा सोडली की शेजारचा नाक घालतो. घालतो, खरं आहे. घालू दे. घाट संपायच्या आत असे दहा जण घुसले तरी त्याने तुम्हाला पाच मिनिटं उशीर होईल. मागचा हॉर्न वाजवेल, त्यालाही वाजवू दे.

आता इंजिन: तापतं केव्हा?

इंजिन तापण्याच्या तक्रारीत ‘केव्हा’ला सगळ्यात जास्त किंमत आहे. उभ्या गाडीत, रांगेत तापतं आणि हायवेला लागल्यावर काटा खाली येतो, तर आधी रेडिएटरचा पंखा बघा. पळत्या गाडीत समोरून वारा मिळतो, उभ्या गाडीत सगळी भिस्त पंख्यावर. एसी लावला की बहुतेक गाड्यांत पंखा सुरू झालाच पाहिजे. बोनेट उघडून लांबूनच बघा. एसीही रांगेत कोमट आणि रस्त्यावर गार होत असेल तर संशय पक्का.

उलट, हायवेला ताशी ऐंशीच्या वर तापत असेल तर पंख्याचा संबंध नाही. कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी कमी झालंय, रेडिएटर आतून चोंदलाय, थर्मोस्टॅट, म्हणजे कूलंटची वाट उघडणारी झडप अडकलीय, किंवा वॉटर पंप थकलाय. आपल्याकडे बोअरचं पाणी घालायची रीत आहे, आणि त्यातल्या क्षारांचा थर बारीक नळ्यांत बसतो.

रेडिएटरचं झाकण हा या सगळ्यातला स्वस्त आणि दुर्लक्षित भाग. महाबळेश्वरच्या उंचीवर, साधारण १३५० मीटरवर, उघडं पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं. इंजिनचं नेहमीचं तापमानच नव्वदच्या आसपास. तरी ते उकळत नाही, कारण झाकण आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा सुमारे एक बारने जास्त धरून ठेवतं, आणि त्या दाबाखाली कूलंट १२० अंशांच्या पुढे जाऊनही उकळत नाही. झाकणाचं रबर गेलं की दाब सुटतो आणि एरवी धडधाकट असलेलं इंजिन घाटमाथ्यावर उकळतं. याच कारणाने तापलेल्या गाडीचं झाकण उघडायचं नाही. दाब एकदम सुटतो आणि सगळं अंगावर येतं. दर उन्हाळ्यात कुणीतरी हात भाजून घेतोच.

काटा चढताना दिसला तर एसी बंद करा, खिडक्या उघडा आणि हीटर पूर्ण गरमवर, पंखा जोरात लावा. मे महिन्यात हा सल्ला ऐकून लोक हसतात. पण हीटर हा इंजिनच्याच गरम कूलंटवर चालतो, म्हणजे तो दुसरा छोटा रेडिएटरच. घाम निघेल, गाडी वाचेल. तरीही काटा चढत राहिला, किंवा वाफ दिसली, तर तिथेच बंद करा. नव्या छोट्या गाड्यांपैकी बऱ्याच गाड्यांना काटाच नसतो, फक्त लाल दिवा. तो लागतो तेव्हा आधीच उशीर झालेला असतो, त्यामुळे तिथे विचार करायचा नाही.

वासाचा प्रश्नही इथे सुटतो. कूलंटचा वास गोडसर असतो, क्लचचा करपट, नाकाला झोंबणारा. तापल्यावर रोज थोडं कूलंट गायब होत असेल, गळती कुठे दिसत नसेल, सायलेन्सरमधून गरम इंजिनलाही पांढरा धूर येत असेल, किंवा ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ थर दिसला, तर हेड गॅस्केटचा, म्हणजे इंजिनच्या वरच्या आणि खालच्या भागांमधल्या सीलचा संशय घ्या. थंडीत सकाळी मिनिटभर दिसणारी पांढरी वाफ वेगळी, ती नुसतं पाणी. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा म्हणजे इंधन जास्त किंवा हवा कमी, आणि पहिला खर्च एअर फिल्टरचा करावा.

दिवा लागला, आता?

इंजिनच्या आकाराचा पिवळा दिवा स्थिर असेल तर गाडी सावकाश गॅरेजपर्यंत न्या. लुकलुकत असेल तर एखाद्या सिलिंडरमध्ये ठिणगी चुकतेय, आपल्या भाषेत गाडी ‘मिसिंग’ करतेय, आणि न जळलेलं पेट्रोल धूर साफ करणाऱ्या कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो जाळतंय. जोर देऊ नका. ऑइलच्या किटलीचा लाल दिवा या दोन्हींपेक्षा वरचा: तिथल्या तिथे इंजिन बंद.

२०१३ नंतरच्या गाड्यांत स्कॅनर लावला की दोषाचा कोड मिळतो. पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसिंग, पी०३०३ म्हणजे तिसऱ्या. कोड जागा सांगतो, दोषी भाग सांगत नाही. प्रत्येक सिलिंडरला ठिणगीसाठी वीज देणारी वेगळी कॉइल असेल तर मेस्त्रीला पहिल्या आणि तिसऱ्याची कॉइल अदलाबदल करायला सांगा. पी०३०१चा कोड पी०३०३ झाला तर कॉइल खराब. जागचा हलला नाही तर स्पार्क प्लग, नाहीतर इंजेक्टर. चारही कॉइल एकदम बदलायचा सल्ला त्यानंतर ऐकू.

घाटमाथ्यावर गाडी थोडी मंदावते, त्यासाठी मात्र गॅरेज गाठू नका. टर्बो नसलेल्या इंजिनची ताकद दर हजार मीटरला दहा टक्क्यांच्या आसपास घटते, कारण हवाच विरळ असते. गिअर एक खाली घ्या.

‘हे सगळं ई-२० पेट्रोलमुळे’

इथेनॉलचा ऊस आपल्याच सातारा जिल्ह्यातला, त्यामुळे या वादात आपल्याकडे दोन्ही बाजूंनी आवाज चढतो. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल, ते ई-२०. लिटरमागे इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी, म्हणून मायलेज थोडं घसरतं हे खरं. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या आणि सील त्यासाठी बनवलेले नव्हते, हेही खरं. इथेनॉल पाणी ओढतं, त्यामुळे महिनोन्‌महिने उभ्या गाडीत त्रास होऊ शकतो. पण क्लचचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही, आणि रांगेत इंजिन तापलं तर पंखा आणि झाकण आधी बघावं, पेट्रोल पंपाला शिव्या नंतर.

वॉरंटीत बसतं का, आणि जुनी प्लेट मागा

क्लच प्लेट झिजणारा भाग धरला जातो, त्यामुळे नव्या गाडीतही झीज सहसा वॉरंटीत बसत नाही. वाद घालायचा तर पुरावा लागतो, आणि तो प्लेटवरच असतो. क्लच बदलताना गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो, बिलात मजुरीचा वाटा त्यामुळेच मोठा. एकदा उतरवलाच आहे तर प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग तिन्ही एकदम बदलणं शहाणपणाचं. बेअरिंगचे पैसे वाचवून सहा महिन्यांनी तीच मजुरी पुन्हा देणं परवडत नाही. फ्लायव्हीलचा पृष्ठभागही तेव्हाच बघून घ्या. काही डिझेल गाड्यांत फ्लायव्हील दोन भागांचं, आत स्प्रिंग असलेलं असतं आणि ते क्लचपेक्षा महाग पडतं, म्हणून त्याची किंमत काम सुरू व्हायच्या आधी विचारा.

जुनी प्लेट हातात घ्या. अस्तरात रिव्हेट बसवलेले दिसतील. नव्या प्लेटवर त्यांची डोकी अस्तराच्या पृष्ठभागापासून मिलिमीटरभर, फार तर दीड मिलिमीटर खोल असतात. लाखभर किलोमीटरची सगळी पुंजी एवढीच. खोली ०.३ मिलिमीटरवर आली की प्लेट संपली. डोकी पृष्ठभागाला लागली असतील आणि फ्लायव्हीलवर गोल चरे उठले असतील, तर बदलायला उशीरच झाला होता. डोकी अजून खोल आहेत पण अस्तर काळं, चकचकीत, आणि फ्लायव्हीलवर निळे डाग, तर क्लच झिजला नाही, जाळला गेला, घाट आठवा. आणि डोकी खोल, अस्तर तेलकट, बोट फिरवलं की काळं लागतंय, तर बिलात सील लिहिलंय का ते वाचा. लिहिलं नसेल तर गिअरबॉक्स वर चढायच्या आत सांगा.